मेनला येतेस तर आधी कॉलिन्सबाई समजून घे

तू विचारलंयस की जॅक्सन लॅबला (जनुकांवर संशोधन करणारी संस्था) पोस्टडॉक मिळालीय, अमेरिकेतल्या मेन राज्यात बार हार्बरला यायचंय, पण मेनची सिनेटर रिपब्लिकन आहे म्हणून नवरा घाबरतोय. मी बरीच वर्षं मेनमधेच आहे त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

सिनेटरच्या पक्षावरून मेनचा अंदाज बांधू नकोस, साफ चुकेल. 2020 ला इथे बायडन साधारण 9 टक्क्यांनी पुढे राहिला आणि त्याच दिवशी त्याच लोकांनी सुझन कॉलिन्सला जवळजवळ तेवढ्याच फरकाने परत सिनेटवर पाठवलं, आणि पोलवाले वर्षभर तिला घरी बसवत होते बरं का.

बाई कॅरिबूची. म्हणजे पार वर, कॅनडाच्या बॉर्डरजवळ, बटाट्याचा मुलूख, तिकडे बटाटे काढायच्या सीझनला शाळेला सुट्टी असायची. घरचा लाकडाचा धंदा 1844 पासूनचा, आई आणि वडील दोघंही वेगवेगळ्या वेळी गावचे मेयर. कॉलेज संपल्यावर बिल कोहेनच्या (तेव्हा मेनचा खासदार, पुढे सिनेटर) ऑफिसात लागली, 1994 ला गव्हर्नरपदाला उभी राहिली तर तिसरी आली (तेव्हा जिंकलेला अपक्ष अँगस किंग आज इथला दुसरा सिनेटर आहे), मग 1996 ला कोहेनने जागा सोडली आणि ही सिनेटवर गेली ती आजतागायत तिथेच. सिनेटमधलं रोल कॉल मतदान (नाव घेऊन नोंदवतात ते) एकही चुकवलेलं नाही, हजारो झाली आता.

तिची मतं एका रांगेत लावलीस तर डोकं गरगरेल. 1999 ला महाभियोगात क्लिंटनला दोषी ठरवायला नकार. 2017 च्या जुलैत मॅकेन आणि मर्काउस्की ह्या स्वतःच्याच पक्षाच्या सिनेटरांबरोबर ओबामाकेअर (ओबामाचा आरोग्य विम्याचा कायदा) वाचवलं, आणि त्याच डिसेंबरात ट्रम्पच्या टॅक्स कटला हो. 2018 ला कॅव्हनॉला सुप्रीम कोर्टाचा न्यायाधीश करायला मत दिलं, हा माणूस गर्भपाताच्या हक्काला हात लावणार नाही असं लांबलचक भाषणात सांगून, आणि 2022 ला त्याने तो हक्क काढणाऱ्यांच्या बाजूनेच मत दिलं! इथल्या कितीतरी बायकांनी ते अजून माफ केलेलं नाही, मीही नाही. ट्रम्पला 2020 च्या महाभियोगात सोडलं, 2021 ला दोषी धरलं. 'बाई चिंतित आहेत' हा इकडचा कायमचा जोक आहे कारण चिंता आधी, मत काय पडेल ते नंतर.

तुझ्या कामाशी थेट संबंध असलेलं सांगते. फेब्रुवारी 2025 मधे एनआयएचने (वैद्यकीय संशोधनाला पैसे देणारी सरकारी संस्था) ग्रँटमधल्या इनडायरेक्ट कॉस्टवर, म्हणजे इमारत, वीज, ऑफिस अशा वरखर्चावर, 15 टक्क्यांची मर्यादा आणायचं ठरवलं तेव्हा ती उघड विरोधात बोलली, जॅक्सन लॅबसारख्या ठिकाणांना त्याचा फटका बसणारच होता, आणि त्याच आठवड्यात रॉबर्ट केनेडी ज्युनिअरला आरोग्यमंत्री करायला तिने मतही दिलं, म्हणे त्याने फेरविचाराचा शब्द दिलाय. अप्रोप्रिएशन्स कमिटीची अध्यक्ष आता तीच, म्हणजे खर्चाच्या चाव्या बऱ्याच अंशी तिच्या कमरेला. मला विचारशील तर मेनचे लोक तिला तत्त्वासाठी कमी आणि ह्या चाव्यांसाठी जास्त निवडून देतात, बाथचा जहाज कारखाना धर, तुमची लॅब धर.

मत देता येणार नाही तुला, सिटिझन नाहीस. पण व्हिसाची किंवा ग्रीन कार्डची फाईल कुठे अडकली तर सिनेटरच्या ऑफिसात केसवर्कर असतात, एक प्रायव्हसीचा फॉर्म सही करून दिला की ते एजन्सीकडे तुझ्या वतीने चौकशी करतात, फुकट. निकाल बदलून देत नाहीत, पण निदान उत्तर यायची शक्यता वाढते. तुला बँगोरचं ऑफिस जवळ पडेल. किंगकडेही जाता येतं पण एकाच वेळी दोघांकडे अर्ज टाकू नकोस, उगाच गोंधळ होतो.

नवऱ्याला सांग राजकारण राहू दे, घराचं बघ आधी. बार हार्बरला बरेच मालक हिवाळ्यापुरतंच घर देतात आणि उन्हाळा आला की टुरिस्टांसाठी रिकामं करायला लावतात, त्यामुळे लीज पूर्ण वर्षाची आहे ना हे लेखी घे, नाहीतर सरळ जवळच्या एल्सवर्थ गावात बघ.