लाकडी मूठ हलते का?

प्रश्न : मर्दानी खेळाच्या सरावासाठी लोहाराकडून ट्रकच्या कमानपाट्याचे बोथट पाते घडवून घेतले. जाडी ५ मिमी. मुठीत जाणारे शेपूट १२ सेंमी लांब, टोकाकडे निमुळते. सागवानी मूठ भोक पाडून इपॉक्सीने चिकटवली. दोन आठवड्यांत ती हलायला लागली आणि पात्याच्या बाजूने चीर गेली. काय चुकले? (कोल्हापूर)

उत्तर : सगळा भार चिकटवण्यावर टाकलात, तिथेच घोळ झाला. निमुळते शेपूट ही पाचरच असते. पाते कशावर आदळले की ती आत रेटली जाते, बाजूने उचकटते आणि लाकूड उभ्या धाग्यात फाटते. मूठ टिकवायची तर लाकूड दोन लोखंडांत आवळलेले हवे: पुढे आडपट्टी, मागे टोपी. पात्याचे खांदे, म्हणजे पाते संपून शेपूट सुरू होते तिथल्या दोन्ही पायऱ्या, आडपट्टीवर पूर्ण टेकले पाहिजेत.

तुमच्या १२ सेंमीचा हिशेब असा: आडपट्टी ५ मिमी, लाकूड १००, टोपी १२. उरले ३ मिमी टोपीबाहेर, तेवढे टोक रिव्हेटसारखे ठोकून पसरवायला पुरते. एका हाताच्या मुठीला तळव्याच्या रुंदीपेक्षा सेंटिमीटरभर जास्त लांबी बस्स होते.

आधी खांद्याचे आतले कोपरे कानशीने गोल करा, निदान २ मिमी त्रिज्येचे. काटकोन ठेवला की शेपूट पुढेमागे तिथेच तुटते. मग टोकाचा दीड सेंटिमीटर भाग मंद लाल करून कोरड्या राखेत निवू द्या. कडक टोक हातोडीखाली चिरते. या वेळी पाते ओल्या गोणपाटात गुंडाळलेले असावे, नाहीतर त्याचे पाणी (कडकपणा) उतरते. टोक कानशीने ५ मिमी जाडीचे गोल करा आणि टोपीचे भोक त्याला घट्ट बसेल एवढेच ठेवा.

भोक पाडण्यापेक्षा दोन फाळ्या करणे आम्हाला सोपे वाटते. सरळ रेषेचा, गाठ नसलेला ठोकळा उभा चिरा, चिरलेल्या बाजू रंध्याने सपाट करा आणि दोन्हींत पटाशीने २.५ मिमी खोल खाच घ्या. वेळ लागतो तो इथे. काजळ तेलात कालवून शेपटाला पातळ पुसा, फाळी दाबून उचला. लाकडावर काळा डाग उमटला तेवढाच उंचवटा पटाशीने खरवडा आणि पुन्हा दाबा. डाग खाचेभर सारखे उमटेपर्यंत हेच चालते. खाच सैल झाली तर इपॉक्सीने भरून काढायचा मोह होतो, पण तो जाड थर धक्क्याने तडकतो. फाळी फेकून दुसरी करा.

आडपट्टी, फाळ्या आणि टोपी आधी कोरड्याच जोडून उजेडासमोर धरा. सांध्यातून उजेड दिसला की कानस घ्या. मग इपॉक्सी लावून सुतळीने करकचून बांधा आणि २४ तास हात लावू नका. शेवटी पाते शिकंजात लाकडी पट्ट्यांमध्ये धरा, टोकावर उभे करू नका. गोल डोक्याच्या हलक्या हातोडीने कडेकडेने फिरत टोक पसरवा. जोराचे चार घाव घातलेत तर शेपूट वाकेल.

घडण अंडाकृती ठेवा, साधारण ३२ × २५ मिमी. गोल मूठ घामाने फिरते आणि धार कुठे आहे ते हाताला कळत नाही.

आणि एक: तलवार १९५९ च्या शस्त्र कायद्यात येते. पाते बोथट असले तरी स्थानिक पोलीस ठाण्यात विचारून घ्या.

प्रश्न : जुन्या तलवारी लाखेने बसवत. लाकडी मुठीलाही लाख चालेल का? (नाशिक)

उत्तर : जुन्या तलवारींच्या मुठी बहुतेक पोकळ लोखंडी. त्यांत लाख किंवा राळ वितळवून ओतत आणि शेपूट रोवत. मूठ तापवली की पाते सुटते, म्हणून ते बदलता येई. लाकूड मात्र तेवढे तापवता येत नाही, शिवाय लाख ठिसूळ. जपानी कताना त्याच्या उलट. तिथे शेपटाला चिकट काही लावत नाहीत. मॅग्नोलियाच्या दोन फाळ्या शेपटावर काटेकोर बसतात आणि बांबूची खुंटी सगळे धरते. खुंटी काढली की मूठ हातात. अशी घट्ट जुळवणी जमणार असेल तर तुम्हीही आरपार खुंटी ठोका, पण आघाताचा सराव करायचा तर आमचे मत टोक पसरवण्याकडे.

प्रश्न : बाभूळ मिळते. पावसाळ्यात फुगेल का? (धाराशिव)

उत्तर : बाभूळ अवजारांच्या दांड्यांना पूर्वापार वापरतात, उत्तम. ओली मात्र घेऊ नका. लाकूड वाळताना लांबीत जवळजवळ आटत नाही, आडवे आटते. आत लोखंड असल्याने त्याला आटायला जागा नसते आणि ते फाटते. ठोकळा सावलीत वाळवा आणि दर आठवड्याला वजन करा. वजन उतरायचे थांबले की वापरा. बाभळीत टॅनिन भरपूर, ओलाव्यात लोखंडाशी मिळून काळे डाग पडतात आणि गंज चढतो, म्हणून सगळे शेपूट इपॉक्सीने माखा. मुठीला जवसाच्या तेलाचे तीन-चार पातळ हात द्या, दोन हातांत एक दिवस जाऊ द्या. तेलाच्या चिंध्या चुरगाळून ठेवू नका, त्या आपोआप पेटू शकतात. उघड्यावर पसरून वाळवा.