वर्गात आभासी चलन चालवून शाळकरी मुलांना पैशाचं व्यवस्थापन शिकवता येतं का?

येतं. पण तुमच्या प्रश्नातला भर जरा हलवायला हवा. तुम्ही सातवीला शिकवता, चाळीस मुलं आहेत, चांगले गुण, वेळेवर गृहपाठ आणि शिस्त यासाठी वर्गातलं चलन द्यायचं, ते ॲपवर नोंदवायचं आणि महिनाअखेर त्यातून वस्तू घ्यायला लावायच्या, असा तुमचा बेत दिसतो. कशाला किती पैसे द्यावेत आणि कोणतं ॲप बरं, हे तुम्ही विचारलंय. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत सहावी-सातवीला शिकवतो आणि हा उद्योग काही वर्षं चालवतोय. माझं म्हणणं असं, की पैसे कशाला द्यायचे याचा विचार थोडा कमी करा आणि ते मुलांच्या खात्यातून बाहेर कसे जातील याचा जास्त करा. नुसती कमाई ठेवलीत तर ती बक्षीस योजना होते, आणि बक्षिसं तर आपण आधीपासून देतोच. भाडं, वीजबिल, हप्ता, आजारपण हे मागे लागलं की मुलगा वही उघडून हिशेब करायला बसतो.

गुणांचे पैसे देऊच नका. वर्गातले हुशार पाच जण कायम श्रीमंत आणि मागच्या बाकावरचे कायम कंगाल, असं चित्र पहिल्या महिन्यात तयार होतं आणि मग ते हलत नाही. शिवाय ज्याची मुळात आवड आहे त्याला बक्षीस लावलं की आवड आटते. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालवाडीत केलेला आणि १९७३ साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग यासाठी गाजलेला आहे. चित्रं काढायची हौस असलेल्या मुलांपैकी काहींना आधीच सांगितलं, की चित्र काढलंत तर प्रशस्तिपत्र मिळेल. पुढे मोकळ्या वेळात हीच मुलं रंगांकडे इतरांपेक्षा कमी वळली.

मी पगार कामाचा देतो, आणि सगळ्यांना सारखा. फळा, ग्रंथपेटी, पंखे-दिवे बंद करणं, पाण्याची टाकी, झाडांना पाणी, हजेरीचा तक्ता, बँकेचा कारकून अशी कामं असतात आणि ती दर महिन्याला बदलतात. बदललीच पाहिजेत. नाहीतर झाडू आपोआप मुलींच्या हातात जातो आणि बँकेचं रजिस्टर मुलांच्या, आणि कुणाच्या वाट्याला कुठलं काम येतं यात गावातल्या जातींची उतरंड उतरायलाही वेळ लागत नाही. याकडे पहिल्या आठवड्यापासून लक्ष ठेवा.

चलनाचं नाव मुलांनी मतदान करून 'होन' ठेवलंय. शिवराज्याभिषेकाच्या धड्याचा तो परिणाम. आठवड्याचा पगार १०० होन. त्यातून बाकावरच्या जागेचं भाडं ६० आणि वीजबिल १०. उरले ३०. हे आकडे मी मुद्दाम घट्ट ठेवलेत. माझ्या वर्गात ३६ मुलं आहेत, म्हणजे दर आठवड्याला ३६०० होन वर्गात येतात आणि २५२० परत जातात. राहिलेले १०८० साठत जातात, आणि सगळी गंमत त्या साठणाऱ्या पैशात आहे.

शनिवारी बाजार भरतो. तिथे मी थोड्या वस्तू ठेवतो, पण जास्त खप हक्कांचा असतो: आठवडाभर खिडकीजवळची जागा, शनिवारी कोणता खेळ खेळायचा ते ठरवणं, परिपाठात आवडीचं गाणं लावणं. मुलं स्वतः केलेल्या वस्तूही विकतात. खाऊ विकायला बंदी आहे, कारण मग ज्याच्या घरी दुकान आहे तो जिंकतो.

आता बाकाची गोष्ट सांगतो, कारण कुठल्याही पाठात सांगता आलं नसतं ते तिथे घडलं. बाक दोघांचा, आणि पूर्ण बाक ९०० होनांना विकत घेता येतो, हे मी जूनमध्येच फळ्यावर लिहून ठेवलं होतं. बहुतेकांनी ते वाचून सोडून दिलं. एका मुलीनं जुन्या लग्नपत्रिकांचे बुकमार्क करून विकले, उरलेले ३० कधी मोडले नाहीत आणि दिवाळीच्या आधी बाक घेतला. पुढच्या सोमवारी तिच्या पासबुकात 'भाडे' या रकान्यासमोर शून्य, आणि जमेच्या बाजूला शेजारणीकडून आलेले ६०. म्हणजे आठवड्याला १२० होनांचा फरक. साडेसात आठवड्यांत बाकाची किंमत वसूल, हे वर्गातल्या सगळ्यांनी बोटांवर मोजलं. मग तिनं भाडं ८० केलं. शेजारीण रडकुंडीला आली, मला मध्ये पडायचा फार मोह झाला, पण वर्गात एक बाक रिकामा होता. शेजारीण तिथे ६० भरून बसायला गेली. दोन आठवडे मालकीणबाई एकट्याच बसल्या आणि मग भाडं गुपचूप पुन्हा ६० वर आलं. त्यानंतर दोन मुलांनी भागीदारीत बाक घेतला. भागीदारीचा कागद त्यांनी स्वतः लिहिला होता, त्यात 'भांडण झाल्यास' असं एक कलमही होतं.

महागाई शिकवायला वेगळा तास लागत नाही. बाजारात एखाद्या वस्तूचा लिलाव ठेवा. जुलैत १५ होनांना जाणारं साधं खोडरबर दिवाळीच्या सुमाराला ९० ला जातं. रबर तेच, संख्या तीच, मग बदललं काय? बँकेच्या कारकुनांना सगळ्या खात्यांची बेरीज करायला लावा आणि जुलैच्या बेरजेशेजारी फळ्यावर लिहा. वर्गाची मागणी ठरलेली असते: "सर, पगार दीडशे करा!" मी पंधरा दिवस करून दाखवतो. पहिल्या शनिवारी जल्लोष होतो, दुसऱ्या शनिवारी रबर दीडशेच्या घरात जातं आणि चेहरे पडतात. पगार पुन्हा शंभरावर आणायच्या ठरावाला मग विरोध होत नाही.

याच्या उलटही घडू शकतं. वॉशिंग्टनच्या कॅपिटल हिल भागात १९७० च्या दशकात दीडेकशे जोडप्यांनी एकमेकांची मुलं सांभाळायची सहकारी व्यवस्था केली होती. अर्ध्या तासाला एक कूपन. पुढेमागे लागतील म्हणून प्रत्येक जण कूपनं साठवायला लागला. बाहेर कुणी जाईना, त्यामुळे दुसऱ्याला मूल सांभाळून कूपन कमावायची संधीही मिळेना, आणि सगळा कारभार थंडावला. मग आणखी कूपनं वाटली, तेव्हा व्यवहार सुरू झाले. पुढे ती इतकी झाली की सांभाळायला माणूस मिळेना. जोन आणि रिचर्ड स्वीनी यांनी ही हकीकत लिहून ठेवली आणि अर्थतज्ज्ञ पॉल क्रुगमन यांनी ती जगभर पोचवली. तुमच्या वर्गात मुलं नुसती साठवायला लागली आणि बाजार ओस पडला, तर त्यांना ही गोष्ट सांगा. बचत चांगली असं आपण रोज सांगतो, पण सगळ्यांनी एकदमच हात आखडला तर काय होतं हेही त्यांना कळायला हरकत नाही.

दंड शक्यतो ठेवू नका. "सर, वीस होन घ्या, गृहपाठ उद्या दाखवतो," असं एक पोरगा मला शांतपणे म्हणाला होता. त्याच्या दृष्टीनं व्यवहार चोख होता. इस्रायलमधल्या हैफा शहरातल्या पाळणाघरांत हेच मोजून पाहिलंय. मुलांना न्यायला उशिरा येणाऱ्या पालकांना दंड लावला, तर उशिरा येणारे जवळपास दुप्पट झाले. आधी लाज वाटायची, आता पैसे देऊन उशीर विकत घेता येत होता. दंड काढून टाकला तरी आकडा खाली आला नाही. शिवाय शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ नुसार मुलांना मानसिक त्रास देण्याला बंदी आहे. सगळ्यांसमोर खातं रिकामं करणं त्या रेषेच्या फार जवळ जातं.

कर्ज मात्र जरूर ठेवा. आमची बँक ३०० होन देते आणि ६६ च्या पाच हप्त्यांत ३३० घेते. "दहाच टक्के, स्वस्त आहे," असं मुलांचं पहिलं मत असतं. मग मी विचारतो, दहा टक्के किती दिवसांचे? इथून बोलणं थेट गावात शिरतं. "सर, आमच्याकडे पाच टक्क्यानं मिळतात पैसे, बँक तर दहा घेते," असं एकानं छातीठोकपणे सांगितलं. गावातले पाच टक्के महिन्याचे असतात आणि बँकेचे दहा वर्षाचे, हे त्याच्या गावीही नव्हतं. २०,००० रुपयांवर महिन्याला १,०००, वर्षाला १२,००० नुसतं व्याज. बँकेचे वर्षाला २,०००. हे फळ्यावर मांडल्यावर वर्गात जी शांतता पसरली ती मी इतर कुठल्या गणितानं आणू शकलेलो नाही. आमच्याकडे काही घरं दिवाळीच्या आसपास ऊसतोडीला जातात, त्यामुळे मुकादमाची उचल, म्हणजे कामाआधीच घेतलेले पैसे, मुलांना चांगली ठाऊक असते, फक्त तेही कर्जच, हे कुणी जोडून दाखवलेलं नसतं. एक पथ्य पाळा: उदाहरण नेहमी काल्पनिक घ्या. कुणाच्या घरी किती देणं आहे हे वर्गात निघता कामा नये.

हंगामावर जाणाऱ्या मुलांच्या खात्याचं काय करायचं, हा प्रश्न तुमच्याही वर्गात येऊ शकतो. आमच्या मुलांनी ठरवलं की खातं गोठवायचं, भाडं चढवायचं नाही. आजारपणासाठी मात्र त्यांनी निधी काढला. प्रत्येकी आठवड्याला ५ होन, म्हणजे १८० जमा. तापानं घरी राहिलेल्याला त्यातून पगार मिळतो. दोन-तीन जणांना शनिवारीच ताप यायला लागला, तेव्हा पालकांची चिठ्ठी सक्तीची झाली. विम्याचे नियम एवढे किचकट का असतात, हे त्यांना त्या दिवशी समजलं असावं.

आता तुमचा ॲपचा प्रश्न. मी वापरत नाही. ॲप शिल्लक आपोआप दाखवतं आणि वजाबाकी करायची सवयच लागत नाही. आमची पासबुकं म्हणजे शंभर पानी वहीचे अर्धे तुकडे: तारीख, तपशील, जमा, नावे, शिल्लक. बँकेची प्रत मी संगणकावर साध्या तक्त्यात ठेवतो आणि दर शुक्रवारी दोन्ही जुळवतो. जुळली नाहीत की मूल स्वतः चूक शोधतं. एकाच्या वहीत ४७ चे ७४ झाले होते, आणि बिचारा आठवडाभर श्रीमंत होता. नोटा छापायच्या भानगडीतही पडू नका. मधल्या सुट्टीत पाच रुपयांना पन्नास होन असा काळाबाजार सुरू व्हायला वेळ लागत नाही. एका खात्यातून दुसऱ्या खात्यात पैसे जायचे ते सही केलेल्या चिठ्ठीनंच, म्हणजे कुठून कुठे गेले ते दिसतं.

प्रत्येक खात्याला चार आकडी पिन मात्र द्या. मग एक दिवस कारकुनाच्या हातून चिठ्ठ्या वाटा: 'अभिनंदन! तुम्हाला ५०० होन बक्षीस. मिळवण्यासाठी खाली पिन लिहा.' पहिल्या वेळी निम्म्याहून जास्त जण लिहून देतात. यूपीआयवर पैसे घेताना पिन कधीच टाकावा लागत नाही, हे त्या तासाला सांगितलं तर घरी आईवडिलांपर्यंत पोचतं. सोबत १९३० हा सायबर फसवणुकीचा मदत क्रमांकही वहीच्या मागच्या पानावर लिहून घ्या.

वर्षाच्या शेवटच्या टप्प्यात खऱ्या बँकेत घेऊन जा. दहा वर्षांवरच्या मुलांना स्वतः बचत खातं चालवता येईल अशी मुभा रिझर्व्ह बँकेनं २०१४ मध्ये बँकांना दिली. रकमेची आणि सोयींची मर्यादा प्रत्येक बँक आपली ठरवते, म्हणून शाखेत आधी विचारून ठेवा. तिथे एक प्रश्न हमखास येतो, "बँक बुडली तर?" आपल्याकडे तो पुस्तकी प्रश्न नाही. उत्तर तयार ठेवा: बँकेतल्या ठेवींना, सहकारी बँका धरून, एका बँकेत एका ठेवीदाराला पाच लाखांपर्यंत विमा संरक्षण आहे, २०२० च्या फेब्रुवारीपर्यंत ते एक लाख होतं. पतसंस्थेतल्या ठेवीला हे संरक्षण नाही. गावात अनेक घरांचा पैसा पतसंस्थेत असतो, तेव्हा हे सांगताना घाबरवू नका, पण गाळूही नका.

सुरुवात जूनमध्ये करू नका. पट स्थिर होऊ दे, पहिले तीन-चार आठवडे फक्त पगार, भाडं आणि पासबुक ठेवा. बाकाची किंमत तेवढी फळ्यावर असू दे. कर्ज आणि निधी दिवाळीनंतर आणा, सगळं एकदम आणलंत तर तुमचाच शुक्रवार बुडेल. आणि चलन कोणत्या तारखेला रद्द होणार हे पहिल्याच दिवशी जाहीर करून टाका. आमच्याकडे वार्षिक परीक्षेच्या आधीच्या शनिवारी शेवटचा लिलाव होतो, त्यानंतर होनांना किंमत नाही. शेवटच्या पंधरवड्यात कर्ज मागायला कोण कोण येतं ते बघा, आणि द्यायचं की नाही ते कारकुनांना ठरवू द्या.