जुन्या ब्रॉडवेचा शोध: सुरुवात कार्यक्रमपत्रिकेपासून

प्रिय मित्रा,

1910च्या दशकातलं एखादं ब्रॉडवे म्युझिकल, म्हणजे न्यूयॉर्कच्या ब्रॉडवे नाट्यगृहांतलं संगीत नाटक, पुन्हा उभं करायचं मनावर घेतलंस, फार बरं वाटलं. मात्र फुल स्कोअरच्या, म्हणजे सगळ्या वाद्यांचं संगीत एकत्र लिहिलेल्या प्रतीच्या, मागे लागू नकोस. वादकांच्या प्रती उतरवून झाल्या की त्याचं काम संपायचं. संचालक पियानोच्या किंवा पहिल्या व्हायोलिनच्या प्रतीवरून प्रयोग चालवायचे. मग सगळेच गठ्ठे गोदामात जायचे. 1982 मध्ये न्यू जर्सीतल्या सिकॉकसच्या वॉर्नर कंपनीच्या गोदामात केर्न, गर्श्विन या संगीतकारांची हस्तलिखितं खोकीच्या खोकी भरून सापडली, ती अशीच पडून होती.

आधी कार्यक्रमपत्रिका गाठ. न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीच्या लिंकन सेंटर शाखेत त्या कात्रणांसकट मिळतात. पहिल्या आठवड्याची, काही महिन्यांनंतरची आणि दौऱ्यावरची, अशा तीन तरी समोर ठेव. गाणी मधेच गळायची, दुसऱ्याच संगीतकाराची घुसायची. कुठलं गाणं कोणत्या तारखेला होतं हा तक्ता हाती नसेल, तर पुढचं सगळं अंदाजपंचे.

मग सुटी छापील गाणी. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाचा लेव्ही संग्रह घरबसल्या पाहता येतो. मुखपृष्ठावर त्या नाटकातल्या इतर गाण्यांची यादी असते. यादीत आहे पण पत्रिकेत नाही, असं गाणं बहुधा दुसऱ्या गावांतल्या आधीच्या प्रयोगांत, न्यूयॉर्कला पोचण्याआधीच कापलेलं. छापील पट्टीवर मात्र विसंबू नकोस. ती घरी पियानो वाजवणाऱ्यांच्या सोयीची असते.

संहितेसाठी 1870 ते 1916 या काळात अमेरिकेत कॉपीराइटसाठी नोंदवलेल्या नाटकांची दोन खंडांची सरकारी सूची बघ. नोंदणीचा क्रमांक आणि तारीख उतरवून घे, म्हणजे लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये (वॉशिंग्टनमधलं अमेरिकेचं राष्ट्रीय ग्रंथालय) विचारणं सोपं जातं. नोंदवलेली संहिता बऱ्याचदा तालमीआधीची असते. रंगमंचावर काय बोललं गेलं ते प्रॉम्प्टरच्या, म्हणजे नटांना संवाद सुचवणाऱ्याच्या, वहीत सापडतं.

खरी कसोटी वादकांच्या प्रतींची. प्रत्येक गाण्याचे बार, म्हणजे स्वरलिपीतले उभ्या रेघांमधले तालाचे खंड, प्रत्येक प्रतीत मोज. बाकी सगळीकडे 64 आणि कॉर्नेटकडे (ट्रम्पेटसारखं वाद्य) 56 असले, तर चिकटवलेली चिठ्ठी किंवा पेन्सिलची काट शोध. चिठ्ठी स्वतः उचकटू नकोस, ग्रंथपालांना सांग. नायिका बदलली की पट्टी बदलायची. काही प्रती नव्याने लिहिल्या जायच्या, काही तशाच राहायच्या. त्या एकत्र वाजवल्या तर बेसूर होणारच. पण बेसूर वाटलं म्हणून लगेच पट्टी चुकली असं धरू नकोस. क्लॅरिनेट ए पट्टीचं आहे की बी-फ्लॅट पट्टीचं (त्यासाठी लिहिलेले सूर प्रत्यक्षात वेगळे वाजतात), ते प्रतीच्या माथ्यावर आधी पाहा.

त्या काळच्या कित्येक गीतांत कृष्णवर्णीयांबद्दल अत्यंत अपमानास्पद शब्द आहेत. उतरवताना ते बदलू नकोस. प्रयोगात काय गायचं, हा निर्णय वेगळा आणि तो सगळ्या चमूने बसून घ्यायचा.

लायब्ररी ऑफ काँग्रेसचं वाचक कार्ड फुकट मिळतं; पासपोर्ट ने. आत फक्त पेन्सिल चालते. पुष्कळ खोकी दुसरीकडे ठेवलेली असतात, म्हणून काही आठवडे आधी ईमेल कर. फोटोची परवानगी मिळाली तर प्रत्येक फोल्डरचा पहिला फोटो त्याच्या क्रमांकाचा घे.