आजीची बाज नकाशात कुठं?

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका शेतकरी वडिलांचं पत्र आलं आहे. ते लिहितात: "ताई, मोठी पोरगी यंदा दहावी झाली, 84 टक्के. घरकुल मंजूर झालं म्हणून नकाशा आणला, तर तिनं वहीत वेगळाच काढला. म्हणते, बाबा, यात आजीची बाज कुठं? आता आर्किटेक्ट नाहीतर डिझायनर होतो म्हणते. तिचा मामा म्हणते, बायोलॉजी घेऊन नर्सिंग कर, नकाशे तर कोणीही काढते. हे शिक्षण इंजिनिअरचं की चित्रकलेचं? आणि यात पोट भरते का?"

भाऊ, नमस्कार.

तुमच्या प्रश्नांआधी मी त्या नकाशाचाच विचार करत बसले. घरकुलाच्या नियमात घर कमीत कमी 25 चौरस मीटरचं, म्हणजे साधारण 269 चौरस फुटांचं, स्वयंपाकाची जागा धरून. केंद्राच्या योजनेत सपाट भागासाठी 1 लाख 20 हजार रुपये धरलेले. वरचं काही मिळतं ते वेगळं. एवढ्यात भिंती, छप्पर, दार, खिडकी बसवायची म्हणजे नकाशा काढणाऱ्याचे हातही बांधलेलेच. त्याला मी दोष देत नाही. पण त्याच्या कागदावर फक्त खोली असते. दुपारी कोण कुठं आडवं होतं, कापूस घरात आला की पाय ठेवायला जागा का उरत नाही, पावसाळ्यात सरपण कुठं जातं, बायका तूर निवडायला कुठं बसतात, हे त्याला कोणी विचारलेलंच नसतं. मग घर उभं राहतं आणि महिन्याभरात लोक पुढे चार बल्ल्या ठोकून टिन टाकतात, कारण छपरीशिवाय आपलं चालतच नाही. त्या बल्ल्या म्हणजे नकाशात राहून गेलेला भाग. तुमच्या पोरीला तो आधीच दिसला.

मामांना सांगा, नकाशा कोणीही काढतं हे खरं आहे. म्हणूनच तर अशी घरं होतात!

लोक म्हणतात, आधी उपयोग बघा, माणसाला बरं वाटणं ही नंतरची चैन. मला हे पटत नाही. घर उपयोगाचं आहे की नाही हे शेवटी आजीच ठरवणार ना? तालुक्याच्या एका कचेरीत अर्ज देण्याची खिडकी इतकी खाली होती की रांगेतला प्रत्येक म्हातारा कमरेतून वाकून बोलत होता. आतल्या बाबूला खुर्चीवर बसून सोयीचं, कागदं आत-बाहेर होत होती, म्हणजे काम चालूच होतं. मीही दहा मिनिटं वाकून उभी होते, म्हणून हा राग.

वस्तूंचंही तसंच. 1958 साली चार्ल्स आणि रे ईम्स हे अमेरिकन डिझायनर जोडपं भारतात फिरलं. देशात डिझाइनचं शिक्षण कसं असावं, यावर सरकारला त्यांचा अहवाल हवा होता. त्यात त्यांनी भरभरून लिहिलं ते लोट्याबद्दल, म्हणजे आपल्या तांब्याबद्दल. त्यात पाणी किती मावावं, तो डोक्यावर न्यायचा, कमरेवर की हातात, भरल्यावर आणि रिकामा असताना तोल कुठं राहतो, तोंड केवढं असावं म्हणजे आतून घासता येईल, गरम असताना धरता येतो का, हाताला कसा लागतो, खाली ठेवताना आवाज कसा येतो, मोडीत घातला तर काय मिळेल, कोणाला भेट दिला तर कसं वाटेल. बघा, वजन, मोडीची किंमत आणि भेट देताना वाटणारं सुख, सगळं त्यांनी एकाच यादीत घातलं. भंडाऱ्याच्या पितळी भांड्यांचं नाव आपल्याकडे जुनंच आहे, पण त्या भांड्याकडे असं बघायला बाहेरचे पाहुणे यावे लागले. त्या अहवालानंतर 1961 मध्ये अहमदाबादला एनआयडी, म्हणजे राष्ट्रीय डिझाइन संस्था, सुरू झाली. तुमची पोरगी ज्याला डिझायनर म्हणते ते लोक तिथं शिकतात.

एक काम करा. पोरीला घेऊन सेवाग्रामला जा, एसटीनं दिवसात जाऊन येणं होतं. बापूकुटी बघताना फोटो काढण्यापेक्षा तिला जमिनीवर बसून बघू द्या. माती, बांबू, कवेलू म्हणजे कौलं, सगळं जवळपासचं. जाड मातीच्या भिंतीतून उन्हाची धग आत यायला तास न् तास लागतात, आणि कवेलूंच्या फटींतून तापलेली हवा वर निघून जाते. मे महिन्यात टिनाखाली बसलेल्या माणसाला हा फरक समजावून सांगावा लागत नाही. ती कुटी मुळात गांधीजींच्या शिष्या मीराबेनची. त्यांनी मातीच्या भिंतीवर हातानं ताडाची झाडं आणि चरखा उठवला आहे. इतक्या काटकसरीच्या घरातही ती नक्षी कोणाला फालतू वाटली नाही.

आता अकरावीचं बघू, ते घाईचं आहे. आर्किटेक्चरला, म्हणजे बी.आर्क.ला, 12वीला भौतिकशास्त्र आणि गणित लागतंच. मामांच्या सांगण्यावरून बायोलॉजी घ्यायची तर घ्या, पण गणित सोडू नका, नाहीतर हे दार बंद होईल. कोर्स 5 वर्षांचा, प्रवेश नाटा किंवा जेईई मेनच्या पेपर 2 या प्रवेश परीक्षांवर. नागपूरच्या व्हीएनआयटीत हे शिक्षण आहे, तिथं जेईई लागते. डिझाइनला, म्हणजे बी.डेस.ला, 4 वर्षं. प्रवेश परीक्षा आयआयटीसाठी यूसीड, एनआयडीसाठी डॅट. यूसीडला कोणत्याही शाखेची मुलं बसू शकतात. म्हणजे तुमच्या प्रश्नाचं उत्तर, इंजिनिअरचंही थोडं आणि चित्रकलेचंही थोडं. पण या परीक्षांत सुंदर चित्रापेक्षा बघण्याची नजर जास्त तपासतात.

पोट भरतं का? भरतं, पण लवकर नाही. आर्किटेक्टच्या ऑफिसात सुरुवातीचा पगार हातखर्चाएवढाच वाटेल, आणि शहरात खोली करून राहावं लागेल. नर्सिंगची नोकरी याहून लवकर लागते, मामांचं तेवढं बरोबर आहे. फीचं म्हणाल तर 2024-25 पासून ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना, घरचं उत्पन्न 8 लाखांच्या आत असेल आणि प्रवेश राज्याच्या केंद्रीय प्रक्रियेतून असेल, तर व्यावसायिक कोर्सची शिक्षण आणि परीक्षा फी माफ आहे. आयआयटी-एनआयडीला हे लागू नाही. होस्टेल, कागद, मॉडेलचा खर्च वेगळा, आणि तो बऱ्यापैकी असतो. उत्पन्नाचा दाखला प्रवेशाच्या वेळी तयार ठेवा.

पोरीसाठी एक निरोप. आजीची बाज राहून गेली हे दिसणं ही सुरुवात झाली. आता टेप घे आणि मोज. बाज केवढी, आजी उठताना कशाला धरते, तिचा पाय किती उंच पायरीवर सहज पडतो, सकाळी नऊला सावली कुठं आणि दुपारी तीनला कुठं. पंधरा दिवस वहीत लिही. कंटाळा आला तर या धंद्याचा नाद सोडलेला बरा. कारण तो रोज असाच असतो.

आणि भाऊ, घरकुल लाभार्थ्यानंच बांधायचं असतं, त्यात ठेकेदार नसतो. तेव्हा तिचा नकाशा योजनेच्या इंजिनिअरला दाखवा, क्षेत्रफळ आणि मजबुती नियमात बसते का एवढं विचारा. बसत असेल तर जोतं आखायच्या दिवशी फक्कीचा, म्हणजे रेघा मारायच्या पांढऱ्या भुकटीचा, डबा तिच्या हातात द्या, आणि खोदायच्या आधी आजीची बाज आणून त्या रेघांच्या आत ठेवून बघा.