माणूस गाठ

प्रिय मुला,

आपल्या कॅन्सरच्या अभ्यासातल्या पेशंटांचं पुढं काय झालं हे विचारत राहण्याच्या, म्हणजे फॉलोअपच्या, तुझ्या कामाबद्दल परवा फोनवर तू जे बोललास त्याने मी दोन दिवस अस्वस्थ आहे. तोंडी उत्तर दिलं असतं तर आवाज चढला असता, म्हणून लिहिते. "मॅडम, एमएस्सी करून मी दिवसभर फोन लावत बसतो. निम्मे लागत नाहीत. तीनदा लावून झाले की 'लॉस्ट टू फॉलोअप', म्हणजे पेशंट बेपत्ता, असं लिहायचं, प्रोटोकॉलमध्ये, अभ्यासाच्या नियमांत, बसतं. यात संशोधन कुठं आलं?" पुण्याच्या कंपनीच्या ऑफरचं तुझं तू ठरव. घरची ओढाताण मला माहीत आहे, त्यावर मी काही बोलणार नाही. पण त्या प्रश्नावर बोलल्याशिवाय मला राहवणार नाही.

संशोधन तिथंच आहे, त्या न लागणाऱ्या फोनपाशी. माणूस गाठ.

तुझ्या यादीत तोंडाच्या कॅन्सरचे पेशंट जास्त, म्हणून तिथलंच सांगते. मुंबईच्या टाटा मेमोरियल कॅन्सर रुग्णालयाची डोकं-मानेच्या कॅन्सरच्या (तोंडाचा त्यातच येतो) ४२२ रुग्णांची चाचणी २०२० साली प्रसिद्ध झाली. आजार बराच पुढे गेलेली माणसं. एका गटाला दर तीन आठवड्यांनी शिरेतून सिस्प्लाटिन हे केमोचं औषध, दुसऱ्याला मेथोट्रेक्सेट आणि सेलेकॉक्सिबच्या गोळ्या, घरी घ्यायच्या. गोळ्यांच्या गटाचं मध्यक आयुर्मान, म्हणजे निम्मी माणसं ज्याच्या पुढे जगली तो काळ, भरलं ७.५ महिने, सिस्प्लाटिनच्या गटाचं ६.१. फरक दीड महिन्याच्याही आतला. पण सलाईनसाठी एसटीने यायचं, सोबतच्याची मजुरी बुडवायची, ओकाऱ्या काढत परतायचं, त्याऐवजी स्वस्तातल्या गोळ्या घेऊन घरी राहता येतं, आणि आयुष्य कमी होत नाही, उलट थोडं वाढतं. आपल्या भागातल्या माणसासाठी ही केवढी गोष्ट आहे!

आता विचार कर, हा फरक कशातून निघाला? मृत्यूच्या तारखांतून. तुझ्यासारख्या कुणीतरी एकेक करून मिळवलेल्या तारखांतून. बरं वाटलं म्हणून न आलेला आणि उठवत नाही म्हणून न आलेला, दोघांचा रकाना सारखाच रिकामा दिसतो. असे थोडे रिकामे रकाने एका गटात जास्त पडले की दीड महिन्याचा फरक कुठल्या कुठे जातो. मग पुण्या-मुंबईचा कितीही हुशार संख्याशास्त्रज्ञ बसव, त्याला ते भरून काढता येत नाही. म्हणून सांगते, माणूस गाठ.

'ग्रामीण भागात फॉलोअप होत नाही' हे वाक्य मी परिषदांमधून इतक्यांदा ऐकलंय की आता कानाला टोचतं. बार्शीला १९८७ साली देशातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी सुरू झाली. पेशंट दवाखान्यात येईल याची वाट तिथं कुणी पाहिली नाही, माणसं गावोगाव फिरली. पुढे उस्मानाबाद जिल्ह्यात, आताच्या धाराशिवमध्ये, ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायकांचा गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचा अभ्यास झाला. गावांचे ५२ गट, त्यांचे चार भाग: तिघांत तीन वेगवेगळ्या तपासण्या, चौथा तपासणीविना, तुलनेसाठी. आठ वर्षांचा पाठपुरावा. एकदाच केलेल्या एचपीव्ही (हा कॅन्सर ज्याने होतो तो विषाणू) तपासणीने त्या कॅन्सरचे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले, हे २००९ साली जगाला कळलं ते आपल्या या कोरडवाहू जिल्ह्यातून. तुलनेच्या गटातल्या बायकांची तपासणी झाली नाही यावर पुढे टीका झाली, आणि ती करणाऱ्यांना मी कधी वेड्यात काढलं नाही. पण ज्या बायकांना तपासणी मिळाली नाही त्यांचं काय झालं, हेही कुणीतरी दारात जाऊन विचारून लिहून ठेवलं होतं. निदान एवढं तरी आपण त्यांचं देणं लागतो.

माझ्या मनात सलणारी गोष्ट दुसरीच आहे. एका अभ्यासात आम्ही पेशंट घेतले, रक्तं घेतली, सह्या-अंगठे घेतले. बजेटमध्ये छपाईला पैसे होते, फील्डवर जाणाऱ्याच्या पेट्रोलला नव्हते. मी मागत राहिले, वरून 'फोनवर भागवा' येत राहिलं. दोन वर्षांनी इतके रकाने रिकामे निघाले की अभ्यास गुंडाळला, एक ओळसुद्धा छापून आली नाही. ते बाड अजून डोळ्यांपुढे येतं. त्या माणसांनी आपल्याला जे दिलं ते सगळं वाया गेलं. त्यानंतर मी हट्टाला पेटले. हाताखालच्यांना पळवते, छळते, बाईंना दुसरं काही सुचत नाही, असं माझ्यामागं बोललं जायचं. बोलू दे. माझं बरोबर होतं, आणि आजही मी तसंच करेन.

आता कामाचं. पत्ता घेताना 'मु. पो. अमुक' एवढ्यावर थांबू नकोस. 'मारुतीच्या देवळामागं, पाण्याच्या टाकीला लागून, निळं दार' असं लिहून घे. नंबर दोन घे, एक घरातला आणि एक गावातल्या किराणा दुकानदाराचा किंवा भाच्या-पुतण्याचा. घरातला नंबर रिचार्ज संपला की बंदच होतो. आशाताईंचं नाव लिही. आणि घर ऊसतोडीचं असेल तर मुकादमाचा नंबर घेतल्याशिवाय पेशंटला जाऊ देऊ नकोस. दिवाळीच्या सुमारास टोळ्या बाहेर पडतात, पार कर्नाटकापर्यंत जातात. यंदा कुठल्या कारखान्यावर, कुठल्या फडात, हे एकट्या मुकादमाला ठाऊक असतं. फडावरच्या त्यांच्या कोपीत, झोपडीत, जाऊन फॉलोअप भरता येतो, मी भरला आहे.

या सगळ्याची परवानगी संमतीच्या वेळीच, समजावून सांगून घ्यायची. गावात गेलास की पारावर बसून 'कॅन्सरचे पेशंट कुठं राहतात' असं विचारायचं नाही. दवाखान्याचं नाव रंगवलेली गाडी दारात उभी करायची नाही. त्या घरात लग्नाची मुलगी असते रे, जरा भान ठेव. आणि एखाद्याने 'आता नको, मला यातून काढा' म्हटलं तर तिथं हट्ट संपला. माघार हा त्याचा हक्क आहे, कारण विचारूनही छळायचं नाही. माघार म्हणून नोंद कर आणि नमस्कार करून परत ये. पण माघार घेतलेला वेगळा आणि बेपत्ता वेगळा. दोघांना एकाच शिक्क्याखाली टाकलंस तर मात्र माझ्याशी गाठ आहे.

माणूस गेलेला असेल तर तारीख हवी. 'उन्हाळ्यात कधीतरी' चालणार नाही. ग्रामपंचायतीची मृत्यूनोंद बघ. ती नसेल तर तेराव्याची तारीख विचार आणि मागं मोज. पोळ्याच्या आधी की नंतर, एवढ्यावरूनही बरंच हाती लागतं. पण आधी बस, पाणी दिलं तर पी, काय काय झालं ते ऐकून घे, मग फॉर्म काढ. अभ्यासात गंभीर काही घडलं तर २४ तासांत कळवायचं असतं, नियमच आहे. ज्याची खबरच नाही त्याचं काय कळवणार आहेस?

हे कारकुनी काम वाटत असेल तर खुशाल पुण्याला जा, मी रागावणार नाही. तिथंही आकडे येतील ते असल्याच कुठल्या तरी दारातून. थांबणार असशील तर सोमवारी ते 'लॉस्ट'चे कागद बाहेर काढ. कुणाचं गाव कुठल्या रस्त्याला आहे ते लावून घे, म्हणजे एका फेरीत तीन-चार घरं होतील. अभ्यासाच्या नोंदी तपासणारा मॉनिटर यायच्या आधी जमेल तेवढं कर, उरलेल्यांचं 'शोध चालू' असं खरं खरं सांग. आणि पुढच्या अभ्यासाचं बजेट तुझ्यासमोर येईल तेव्हा पेट्रोलचं कलम आधी घाल, छपाईचं नंतर. ते कुणी खोडलं तर मला फोन कर, त्यांच्याशी मी बोलते.

तुझी,
मॅडम