वाचकांचे प्रश्न : शाळेचा डायव्हिंग क्लब मालवणला निघालाय

प्रश्न : माझा मुलगा आठवीत आहे, शाळेत या वर्षी डायव्हिंग क्लब सुरू झालाय, आत्तापर्यंत सगळं टँकमध्येच चाललेलं आणि आता जानेवारीत एका दिवसाची मालवण ट्रिप काढतायत, पहाटे तीनला बस आणि रात्री परत. प्रवाळ बघायला समुद्रात उतरवणार म्हणे. पोहण्यात तो पक्का आहे, टँकची पूर्ण लांबी दम रोखून पाण्याखालून मारतो, म्हणून घरात सगळे म्हणतात तू उगाच काळजी करतेस. पण लहानपणी त्याला दम्याचा पंप लागायचा आणि थंडीत सर्दी ठरलेली. पाठवू का नको?
– एक आई, कोल्हापूर

उत्तर : ताई, पाठवा, पण आधी दोन-तीन गोष्टी पक्क्या करून घ्या. घरच्यांना ज्या गोष्टीचा धीर वाटतोय ना, दम रोखून लांबी मारायचा, मला नेमकी त्याचीच काळजी वाटते. स्कूबात, म्हणजे पाठीवर हवेचं सिलिंडर घेऊन पाण्याखाली जाण्यात, दम रोखायचा नसतो, कधीच नाही. 10 मीटर खोलीवर दाब वरच्या दुप्पट असतो, तिथे सिलिंडरमधून छातीभर हवा घेतली आणि तोंड बंद ठेवून वर आलं तर तीच हवा फुगून दुप्पट व्हायला बघते आणि फुप्फुसाला इजा होते, हे दोन-तीन मीटरवरूनसुद्धा होऊ शकतं. न पोहणारं मूल घाबरून का होईना श्वास घेत राहतं, चांगल्या पोहणाऱ्याला मात्र पाण्यात गेलं की तोंड मिटायची सवयच लागलेली असते. म्हणून शाळेला पहिलं हेच विचारा की टँकमध्ये रेग्युलेटर (सिलिंडरची हवा देणारा नळीचा तोंडाकडचा भाग) तोंडात घेऊन मुलांनी किती वेळ श्वास घेतलाय, मास्कमध्ये पाणी गेलं तर ते काढायला शिकवलंय का, आणि समुद्रात एका मुलामागे एक इन्स्ट्रक्टर असणार का. वयाचं म्हणाल तर 10 वर्षांपुढच्या मुलांना उतरवतात, त्यात तो बसतो. पहिल्या वेळेला पाच-सात मीटर खोली भरपूर झाली.

दम्याचं लपवू नका. उतरण्याआधी मेडिकल फॉर्म भरून घेतात, त्यात बरेच जण सगळीकडे 'नाही' लिहून मोकळे होतात, तसं करू नका, छातीच्या डॉक्टरांना दाखवा आणि त्यांनी लेखी हो म्हटलं तरच पाण्यात. सर्दी असेल तर त्या दिवशी त्याला बोटीत बसू दे, किल्ला बघू दे, पण खाली नाही, कारण नाक दाबून हळूच फुंकून कान मोकळे करावे लागतात आणि नाक चोंदलेलं असेल तर ते होत नाही. सर्दीची गोळी देऊन पाठवायचा विचार तर नकोच, गोळीचा असर खाली असताना उतरला तर वर येताना कान दुखायला लागतात.

आणि तो रात्री परत यायचा बेत मला अजिबात पटला नाही. डाइव्हनंतर विमानात बसायचं तर किमान 12 तास थांबायला सांगतात, एकापेक्षा जास्त डाइव्ह झाल्या असतील तर 18, कारण खाली दाबाखाली श्वास घेताना हवेतला जो नायट्रोजन अंगात मुरतो तो उंचावर गेल्यावर बुडबुडे होऊन त्रास देतो. हा नियम 2000 फुटांवरच्या उंचीला धरतात, आणि तुम्ही गगनबावड्याने या नाहीतर आंबोलीने, घाटमाथा साधारण तेवढ्याच उंचीवर आहे. एका उथळ, वीस मिनिटांच्या डाइव्हला धोका कमीच, खरं आहे, पण पहाटे तीनला उठलेली, बोटीत उलट्या झालेली, पाणी कमी प्यालेली पोरं त्याच संध्याकाळी घाट चढवायची घाई कशाला? पालकांनी मिळून मागणी करा, सकाळी डाइव्ह, दुपारी सिंधुदुर्ग, रात्री मुक्काम, दुसऱ्या दिवशी सकाळी बस.

प्रश्न : (त्याच पाकिटात मुलाची चिठ्ठी) प्रवाळ म्हणजे दगड का झाड? टीव्हीत दिसतात तसले रंग दिसतील का? आणि एखादा मेलेला तुकडा आणला तर चालेल का?

उत्तर : अरे, प्राणी आहे तो! अगदी बारके बारके प्राणी हजारोंनी एकत्र राहतात आणि स्वतःभोवती चुन्याचं घर बांधत जातात, तो चुना आपल्याला दगड वाटतो. त्यांच्या अंगात सूक्ष्म शेवाळ राहतं, ते उन्हावर अन्न बनवतं आणि बराचसा वाटा प्रवाळाला देतं, रंगही बराचसा त्याचाच. समुद्र फार तापला की हे शेवाळ बाहेर पडतं आणि प्रवाळ पांढराफटक होतो, 1998, 2010, 2016 आणि 2024 मध्येही जगभर असं झालं.

टीव्हीतले रंग मनात धरून जाऊ नकोस. मालवणचं पाणी अंदमानसारखं नितळ नाही, खाड्यांचा गाळ येतो, जानेवारीत त्यातल्या त्यात बरं दिसतं. शिवाय खाली गेलं की लाल रंग सगळ्यात आधी पाण्यात विरतो, म्हणून सगळं हिरवट-निळसर वाटतं. पण तिथल्या खडकावर एखादा हंड्याएवढा गोल प्रवाळ दिसला तर थांब आणि नीट बघ. असले गोल प्रवाळ वर्षाला साधारण एखादा सेंटिमीटरच वाढतात, म्हणजे तो तुझ्याहून वयाने मोठा असणार, आणि त्याच्यावर एकदा पाय देऊन उभं राहिलं किंवा फिनचा (पोहताना पायात घालायच्या रबरी पंखाचा) फटका बसला तरी वरची जिवंत कातडी सोलवटते. हात छातीशी दुमडून ठेव. फोटोसाठी माशांना पाव टाकूया म्हणाले तर नको म्हण, त्यांचं खाणं तिथेच आहे, पाव नाही.

तुकडा आणायचा नाही, मेलेलासुद्धा नाही. रीफ, म्हणजे चुन्याचे मोठाले खडक, बांधणारे प्रवाळ 2001 पासून वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे वाघाच्या रांगेत, आणि किल्ल्याभोवतालचा समुद्र तर 1987 पासून अभयारण्य आहे. मेलेल्या चुन्यावरच नव्या प्रवाळाची पिल्लं येऊन चिकटतात, तो उचललास तर त्यांनी बसायचं कुठे? त्यापेक्षा प्लास्टिकची पाटी आणि साधी शिसपेन्सिल दोरीने मनगटाला बांधून ने, पाण्याखाली पेन्सिल मस्त चालते. दिसेल ते तिथल्या तिथे काढ आणि मला पाठव, नावं मी लिहून देईन.