अँजिओप्लास्टीनंतर ‘हार्ट केअर’ कॅप्सूल सुरू कराव्यात का?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. वडील 61 वर्षांचे, तीन महिन्यांपूर्वी हार्ट अटॅक येऊन अँजिओप्लास्टी झाली, एक स्टेंट आहे. मावसभाऊ मासळीच्या तेलातलं ओमेगा-3, कोक्यूटेन (पेशींना ऊर्जेसाठी लागणारा, शरीरातच बनणारा पदार्थ), लसूण आणि अर्जुन अशा चार गोष्टींची भेळ असलेली कॅप्सूल देतोय. महिन्याला 1,900 रुपये. वर तो म्हणतो, सहा महिन्यांत ‘केमिकलच्या गोळ्या’ कमी करता येतील.

मी डॉक्टर नाही. बी.फार्म. आहे आणि चिपळूणजवळ 19 वर्षं मेडिकल चालवतोय. अशा बाटल्या माझ्याही कपाटात आहेत. त्यांच्यावर मार्जिन रोजच्या बीपीच्या गोळीपेक्षा बरंच जास्त सुटतं, हेही आधीच सांगून टाकतो.

कॅप्सूलचं नंतर बघू. आधी त्या ‘कमी करता येतील’चं. स्टेंट म्हणजे रक्तवाहिनीत बसवलेली धातूची बारीक जाळी. शरीराला ती परकी वस्तू. तिच्यावर आतलं अस्तर नीट धरेपर्यंत तिथे रक्ताची गुठळी होण्याचा धोका असतो, म्हणून ॲस्पिरिनसोबत क्लोपिडोग्रेल किंवा टिकाग्रेलोर अशी जोडगोळी देतात. अटॅकनंतर ती साधारण वर्षभर चालते, आणि त्यातली कधी, कोणती थांबवायची हे फक्त हृदयरोगतज्ज्ञ ठरवतात. मधेच बंद पडली तर स्टेंटच तुंबू शकतो. तिसरी गोळी स्टॅटिनची, ॲटोर्व्हा किंवा रोसुवा. लोकांना वाटतं ती फक्त रिपोर्टमधला कोलेस्टेरॉलचा आकडा खाली आणते. ती रक्तवाहिनीत साठलेला चरबीचा थरही स्थिर करते, म्हणजे तो फुटून पुन्हा अटॅक येण्याची शक्यता कमी होते. तुमच्या वडिलांसारख्या रुग्णात एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, 55 च्या खाली आणायचा प्रयत्न असतो. त्या चार गोष्टींच्या कॅप्सूलने तिथवर पोहोचता येत नाही.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. सुरुवातीच्या वर्षांत मी स्वतः मासळीच्या तेलाचा मोठा भक्त होतो. इटलीत 1999 साली अटॅक येऊन गेलेल्या 11 हजारांहून जास्त रुग्णांवर एक चाचणी झाली होती. रोज एक ग्रॅम ओमेगा-3 घेणाऱ्यांत मृत्यू कमी दिसले. ते वाचून मी आईलाही कॅप्सूल सुरू केल्या. काही महिन्यांनी तिचं एलडीएल अचानक वाढलं. तिच्या गोळ्यांच्या डब्यात हात घातला तर ॲटोर्व्हाच्या चार स्ट्रिप न फोडलेल्या. विचारलं तर म्हणाली, “अरे, तेलाची गोळी घेतेय ना, मग दोन-दोन कशाला?” चूक तिची नव्हती. देताना ‘ही त्या गोळीच्या ऐवजी नाही’ एवढं एक वाक्य मी बोललो नव्हतो.

तेव्हापासून काउंटरवर मी स्ट्रिपचा हिशेब ठेवतो. पंधराची स्ट्रिप असेल तर महिन्याला दोन लागतात. सप्लिमेंटची बाटली दर महिन्याला नेणारं गिऱ्हाईक स्टॅटिनच्या दोन स्ट्रिप दोन महिने पुरवतंय असं दिसलं की मी थांबवून विचारतो. तुम्हीही आज घरी डबा उघडून मोजा.

आता कॅप्सूलमध्ये काय आहे ते.

ओमेगा-3 ची ती इटलीची चाचणी झाली तेव्हा स्टॅटिन आजच्याइतकं सर्रास दिलं जात नव्हतं. पुढे 2018 मध्ये दोन मोठ्या चाचण्यांचे निकाल आले: एक मधुमेहाच्या 15,480 रुग्णांवरची, दुसरी 25,871 निरोगी मंडळींवरची. दोन्हींत एक ग्रॅमच्या कॅप्सूलने हृदयविकाराचे मोठे प्रसंग ठळकपणे कमी झाले नाहीत. मावसभाऊ कदाचित ‘25 टक्के धोका कमी’ असा एक आकडा दाखवेल. तो आकडा खरा आहे, पण तो शुद्ध ईपीएच्या (ओमेगा-3 चा एक प्रकार), डॉक्टरच्या चिठ्ठीने मिळणाऱ्या औषधाचा. रोज चार ग्रॅम, तेही स्टॅटिन चालू असताना ट्रायग्लिसराइड (रक्तातली एक चरबी) वाढलेल्या रुग्णांत. त्या चाचणीत तुलनेसाठी वापरलेल्या खनिज तेलावरून तज्ज्ञांत अजून वाद आहे. नंतर दुसऱ्या एका चार ग्रॅमच्या ओमेगा-3 औषधाची चाचणी फायदा दिसत नाही म्हणून मधेच थांबवली. जास्त मात्रेत हृदयाचे ठोके अनियमित होण्याचं प्रमाणही थोडं वाढलेलं दिसलं.

बाटली उलटी करून मागचं बारीक अक्षर वाचा. पुढे ‘1000 मिलिग्रॅम’ असं ठसठशीत असतं, ते तेलाचं वजन. मागे बहुतेक वेळा ईपीए 180 आणि डीएचए (ओमेगा-3 चा दुसरा प्रकार) 120 निघतं, म्हणजे कामाचा माल 300 मिलिग्रॅम. वरच्या औषधाइतकं ईपीए हवं तर अशा 20 पेक्षा जास्त कॅप्सूल रोज गिळाव्या लागतील. तुमच्या चार-मिश्रणात तर याहूनही कमी असणार, कारण एका कॅप्सूलमध्ये जागा किती असते?

कोक्यूटेनची गोष्ट जरा वेगळी. स्टॅटिनने शरीरातलं कोक्यूटेन कमी होतं हे खरं. म्हणून पाय दुखतात आणि म्हणून कॅप्सूल घ्या, हे पुढचं गणित मात्र पक्कं नाही. काही अभ्यासांत फरक पडला, काहींत नाही. हृदय कमजोर झालेल्या 420 रुग्णांवरची 2014 ची एक चाचणी आशादायक होती, पण तुमच्या वडिलांना तो त्रास असल्याचं तुम्ही लिहिलेलं नाही. पाय दुखत असतील तर ते डॉक्टरांना सांगा, गोळी बदलता येते. इंग्लंडमध्ये स्टॅटिन सोसत नाही म्हणून सोडलेल्या 60 जणांना आलटूनपालटून खरी गोळी, खोटी (औषध नसलेली) गोळी आणि नुसती रिकामी बाटली देऊन पाहिलं. खऱ्या गोळीवर जेवढा त्रास झाला त्यातला 90 टक्के खोट्या गोळीवरही झाला! दुखणं खोटं नव्हतं, पण बहुतेक वेळा त्याचं कारण गोळीच्या आत नव्हतं.

लसूण फोडणीत खुशाल घाला. पण लसणाच्या अर्काच्या तीव्र कॅप्सूल रक्त पातळ करणाऱ्या जोडगोळीसोबत घेऊ नका, रक्तस्रावाचा धोका वाढू शकतो. दात काढायची वेळ आली तर दंतवैद्यालाही काय-काय चालू आहे ते सांगावं लागतं.

अर्जुनाबद्दल मला आदर आहे, माझे आजोबा अर्जुनसाल दुधात उकळून घ्यायचे. लहान अभ्यासांत छातीत दुखणं थोडं कमी झाल्याचं दिसलंय. पण अटॅक टळतो हे दाखवणारी हजारो रुग्णांवरची चाचणी नाही. घ्यायचंच असेल तर वैद्यांना आताच्या गोळ्यांची चिठ्ठी दाखवून घ्या. कॅप्सूलच्या चौथ्या हिश्शात चिमूटभर टाकलेलं अर्जुन मी अर्जुनात धरत नाही.

अजून एक: 2022 मध्ये अमेरिकेतल्या क्लीव्हलँड क्लिनिकच्या डॉक्टरांनी सुमारे 190 जणांवर 28 दिवस तुलना केली. एका गटाला रोसुवास्टॅटिन 5 मिलिग्रॅम, म्हणजे कमी ताकदीचीच गोळी. इतरांना मासळीचं तेल, दालचिनी, लसूण, हळद, वनस्पती स्टेरॉल, लाल यीस्टचा तांदूळ, आणि एका गटाला खोटी गोळी. रोसुवाने एलडीएल खोट्या गोळीपेक्षा 35 टक्के जास्त उतरवलं. बाकी सहांपैकी एकही खोट्या गोळीच्या ठळकपणे पुढे गेलं नाही. चाचणी छोटी होती, मान्य. पण 1,900 रुपये देण्याआधी हे माहीत असावं.

मग काहीच घ्यायचं नाही का? मला कोणी आपलेपणाने विचारलं तर मी कपाटातून इसबगोल काढून देतो. हसू नका. बद्धकोष्ठाचं म्हणून आपण त्याला कमी लेखतो, पण त्यातला विरघळणारा चोथा आतड्यात पित्ताम्ल धरून बाहेर नेतो. यकृताला नवं पित्त करायला रक्तातलं कोलेस्टेरॉल ओढून घ्यावं लागतं. रोज 10 ग्रॅमच्या आसपास, म्हणजे साधारण दोन मोठे चमचे, नियमित घेतलं तर एलडीएल 5 ते 10 टक्के उतरू शकतं, स्टॅटिन चालू असतानाही. भरपूर पाण्यासोबतच घ्यायचं, नाहीतर घशात अडकतं. आणि इतर औषधांपासून दोन तासांचं अंतर ठेवायचं, कारण इसबगोल गोळ्याही धरून ठेवतो.

मासे खात असाल तर बांगडा आणि तारली. ओमेगा-3 साठी परदेशी सामन शोधायची गरज नाही. आठवड्यातून दोनदा, तळण्यापेक्षा तिखलं करा. जून-जुलैच्या मासेमारी बंदीत मात्र खाऱ्या बांगड्याकडे वळू नका, त्यातलं मीठ बीपीवाल्याला परवडत नाही. शाकाहारी घरात जवसाची चटणी. जवस भाजून कुटायचा, अख्खा दाणा पचत नाही. त्यातलं ओमेगा-3 शरीरात फार थोडं माशातल्यासारखं बनतं, पण चोथा तरी मिळतोच. कारळ्याची चटणी चवीला छान, पण जवसाच्या जागी ती धरू नका.

एक गोष्ट तुम्ही विचारलेली नाही, तरी लिहितो. घरात ‘लो सोडियम’ मीठ आणलं असेल तर थांबा. त्यात सोडियमच्या बदल्यात पोटॅशियम असतं. निरोगी मूत्रपिंड असलेल्यांना ते उपयोगी ठरू शकतं, पण अटॅकनंतर बहुतेकांना रामिप्रिल किंवा टेल्मिसार्टन, कधी स्पायरोनोलॅक्टोन चालू असतं. या गोळ्या पोटॅशियम अंगात धरून ठेवतात. दोन्ही एकत्र आले की पोटॅशियम वाढून ठोके बिघडू शकतात. चिठ्ठीत यातलं काही आहे का ते बघा, आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारा आकडा) आणि पोटॅशियमची तपासणी कधी झाली तेही.

राहिला मावसभाऊ. नातं न बिघडवता नाही कसं म्हणायचं, असं विचारलंयत. त्याच्याशी चाचण्यांवर वाद घालू नका, तो हरणार नाही. बाटलीच्या मागच्या बाजूचा फोटो मागवून घ्या. अशा उत्पादनांवर ‘औषधी वापरासाठी नाही’ असं छापणं आपल्याकडे नियमानेच बंधनकारक आहे, ते त्याला वाचायला सांगा. आणि म्हणा, “पुढच्या तपासणीला डॉक्टरांना दाखवतो, त्यांनी लिहून दिलं तर तुझ्याकडूनच घेईन.” माझ्याकडे येणाऱ्या तीन-चार घरांत हे वाक्य चाललंय.